चि. ओंकारला, पोटाच्या मापाबद्दल

लालबाग, रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकलास, 'बीएमआय २३.९, नॉर्मल', आणि खाली हसरे चेहरे. बाबा खूश झाले. मी नाही झाले. नर्सची नोकरी संपली तरी नजर कुठे जाते रे!

बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, आणि हिशोब बरोबर आहे: ६९ किलो भागिले १.७० मीटरचा वर्ग. पण २५ पर्यंत नॉर्मल, ही जगाची पट्टी. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी वेगळी ठरवली. २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. त्या पट्टीने तू केव्हाच पलीकडे गेलास.

आणि हा आकडा तसा भोळाच. चरबी कुठली न् स्नायू कुठला, त्याला कळत नाही. खालच्या मजल्यावरचा कबड्डीवाला मन्या २७ वर जातो, पण त्याच्या पोटाला चिमटा काढून दाखव!

आपल्या भारतीयांचं नेमकं उलटं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हातपाय काटकुळे आणि साठा सगळा पोटात, ही आपली ठेवण. ती आतली चरबी यकृतात शिरते, साखर आवरणाऱ्या इन्शुलिनला दाद देत नाही, मग साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी गुपचूप चढत जातात. तुझ्या आजोबांना डायबेटीस निघाला तेव्हा सगळे म्हणाले, एवढ्या बारीक माणसाला कसा?

तेव्हा टेप घे. पॅन्टचा नंबर सांगू नकोस, पट्टा तू पोटाखाली बांधतोस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सोड आणि मग वाच. पोट आत ओढायचं नाही! पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या आत हवं.

भात सोडू नकोस, उपास तर मुळीच नको. रात्री बाराला मागवतोस ते तेवढं बंद कर आणि स्टेशनपर्यंत रिक्षा करू नकोस. तीन-चार किलो उतरले तरी फरक दिसतो.

माप आणि उपाशीपोटीच्या साखरेचं पान मला एकटीला पाठव. ग्रुपवर नको, आत्या लगेच मेथीदाणे सुरू करायला लावेल.

तुझी,
आई