मिस्त्रीकाका, आधी पाणी शोधलंत म्हणून

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करणारा माणूस फायबरच्या मोटरबोटीची केबिन हातात घेतो, याचं गंगापूर धरणाच्या काठावर अनेकांना नवल वाटलं. तुम्हाला वाटलं नाही. केबिन आता पूर्ण झाली आहे आणि मजुरीचा हिशेबही मिटला आहे. जे त्या हिशेबात बसत नाही त्याबद्दल हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण जुनी बोट घेऊन बसलेल्या बाकीच्यांनाही यातलं बरंचसं कामी येईल.

पहिले आभार, आल्या आल्या एकही फळी न काढल्याबद्दल. केबिनमधलं प्लाय फुगलं, कुबट वास सुटला, की सगळे आधी नवं प्लाय आणायला धावतात. तुम्ही पाण्याचा पाइप मागितलात. आतल्या बाजूने खिडक्यांच्या कडांना, रेलिंगच्या आणि दोर बांधायच्या खुंट्यांच्या बोल्टखाली खडूची पूड फासलीत आणि बाहेरून पाणी सोडायला लावलंत. सुरुवात अगदी खालून, एकेका जागी दहा मिनिटं, मग जरा वर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्याच जागा भिजवतं आणि चोर सापडत नाही. ओल दिसत होती झोपायच्या फळीपाशी, पाणी शिरत होतं रेलिंगच्या पायातून. अस्तराच्या मागून ते चार फूट सरकत आलेलं होतं. दिसणाऱ्या ओलीवर नवं प्लाय ठोकलं असतं तर पुढच्या पावसात तेही गेलं असतं.

यात एक गोष्ट बोटवाल्यांनी ध्यानात ठेवावी. बोट मुंबईच्या खाडीतून आलेली असेल तर तिच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. खारं पाणी लाकूड सहसा कुजवत नाही, पावसाचं गोडं पाणी कुजवतं. त्यामुळे समुद्रावर वर्षानुवर्षं चालून गेलेली गळती धरणावर आली की दोन पावसाळ्यांत लाकूड खाऊन टाकते. शिवाय मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून जे लाकूड ठेवायचं ते आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं, मग सावलीत वाळवायचं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की बुरशीची वाढ थांबते, पण इपॉक्सी (हार्डनर मिसळून कडक होणारं रेझिन) लावायचं तर तो १२ टक्क्यांपर्यंत उतरलेला हवा. दोन टोचण्यांचं ओल मोजायचं मीटर फार महाग नसतं. तुम्ही मीटर न लावता रंध्याच्या भुश्श्यावरून सांगत होतात आणि मीटरशी ते जुळत होतं, ही गोष्ट वेगळी.

बोल्टांची भोकं तुम्ही ज्या पद्धतीने बुजवलीत ती आम्ही आता सगळ्यांना सांगतो. डेक, म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग, आतून दोन फायबर थरांमधलं लाकूड असतो. भोक पाडलं की ते लाकूड उघडं पडतं आणि पाणी आतल्या आत पसरतं. म्हणून ८ मिमीच्या बोल्टसाठी आधी १४ मिमीचं भोक, आतलं कुजकं लाकूड हुकाने खरवडून बाहेर, खालून टेप, मग भोक काठोकाठ इपॉक्सीने भरायचं. ते कडक झालं की मधोमध पुन्हा ८ मिमीचं भोक. आता पाणी बोल्टच्या कडेने आलंच तर त्याला लाकूड भेटत नाही. बोल्टखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. सिलिकॉनला तुम्ही ठाम नाही म्हणालात, कारण एकदा ते लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरं काही. खिडकी मात्र अपवाद. ती काच नसते, अ‍ॅक्रिलिक असतं, आणि पॉलिसल्फाइडचं सीलंट अ‍ॅक्रिलिकला तडे पाडतं. तिथे आंबट वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉनच. एक मीटर अ‍ॅक्रिलिक तीस अंशांच्या फरकाने साधारण २ मिमी वाढतं, तेव्हा स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीत आणि स्क्रू पिळून आवळायचे नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यांतले बारीक तडे बहुतेक वेळा याच आवळण्याचे असतात.

मग आलं केबिनचं आडवं पार्टिशन, ज्याला बोटवाले बल्कहेड म्हणतात. खरं कसब इथे दिसलं. पाणसळ आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) तुम्ही पहिल्याच तासात बाजूला ठेवलात. ट्रेलरवर उभी असलेली बोट कुठल्याच बाजूने सरळ नसते, त्यामुळे पाणसळीचा बुडबुडा काय दाखवतो याला अर्थ नाही. माप घ्यायचं ते बोटीच्या मधल्या रेषेपासून. जुनं पार्टिशन मोडून काढायच्या आधी त्याच्या जागेच्या खुणा फायबरवर, मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या गरम गोंदाने जोडत पूर्ण साचा, आणि कडेचं वळण कंपासने उतरवून घेणं. साचा दाराच्या फटीतून आत जातो का, हे प्लाय कापायच्या आधी बघायचं. केबिनचं दार दोन फुटांचं आणि पार्टिशन पाच फुटांचं असेल तर ते दोन तुकड्यांतच करावं लागतं, आणि सांधा जिथे आधार आहे तिथेच यावा लागतो.

प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचं, १२ मिमी. दुकानात बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं), म्हणजे आयएस ३०३ चं प्लाय बरेचदा वॉटरप्रूफ म्हणूनच विकतात. स्वयंपाकघराच्या कपाटांना ते ठीक, बोटीला नाही. आयएस ७१० ची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. शिक्क्यावर विश्वास नसेल तर शीटच्या कोपऱ्याचा तळहाताएवढा तुकडा पातेल्यात दिवसभर उकळा. थर सुटले तर शीट परत. कापलेल्या कडा बघा, मधल्या थरात पोकळी दिसली तरी परत.

तुम्ही पार्टिशन फायबरला टेकवलं नाहीत, चहूबाजूंनी ६ ते ८ मिमी फट ठेवलीत, हे बघणाऱ्यांना खटकलं होतं. प्लायची कड बोटीच्या बुडाला नेटाने टेकली तर लाटेच्या प्रत्येक दणक्याला फायबर त्याच एका रेषेवर वाकतं आणि कालांतराने तिथेच तडकतं. फटीत मऊ फोमची पट्टी, त्यावर कोपऱ्यात गोलाई. गोलाईचं मिश्रण इपॉक्सीत सिलिका पावडर आणि लाकडाचा बारीक भुस्सा घालून केलेलं, घट्ट श्रीखंडाइतकं. पातळ झालं तर भिंतीवरून खाली ओघळतं. ती गोलाई पूर्ण कडक व्हायच्या आत त्यावर काचेच्या कापडाच्या तीन पट्ट्या, ५०, ७५ आणि १०० मिमी रुंदीच्या, दोन्ही बाजूंनी. सगळ्या कडा एकाच रेषेत संपू द्यायच्या नाहीत.

पट्ट्यांच्या बाबतीत एक गफलत सर्रास होते. फायबरच्या दुकानात मागितलं की चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, हातात देतात. तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा डिंक, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही आणि पांढरी राहते. इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापडच घ्यावं. पॉलिस्टर वापरायचंच असेल तर मॅट चालेल, पण प्लायवर त्याची पकड इपॉक्सीइतकी टिकत नाही. आणि पॉलिस्टरवाल्यांसाठी तुमची ताकीद शब्दशः: कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच एक ते दोन टक्के हार्डनर घाला. दोन्ही बाटल्या एका खोक्यात ठेवणंसुद्धा नको.

इपॉक्सी वजनावर मोजायचं, डोळ्याने नाही. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल ही समजूत पॉलिस्टरवरून आलेली. इपॉक्सीत प्रमाण चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात मगमध्ये अर्धा लिटर कालवलं तर ते मगमध्येच धुमसून कडक होतं. थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओतलं तर वेळ मिळतो. याउलट डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र दहा अंशांखाली जाते, तेव्हा लावलेला थर सकाळीही ओला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाळी दमट हवेत थरावर मेणचट साय येते, ती पॉलिश पेपरने घासायची नाही. साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायची, पुसायची, मग पेपर. न धुता घासलं तर मेण खोलवर जातं आणि पुढचा थर सुटतो.

प्लायच्या कापलेल्या कडांना तीन हात इपॉक्सी, सपाट बाजूंना दोन. पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, उतरायची जी भोकं पार्टिशनच्या तळाशी असतात, त्यांच्या आतल्या कडाही विसरायच्या नाहीत. जुनं पार्टिशन सगळ्यात आधी तिथेच कुजलेलं होतं.

सागवानी पट्ट्यांबद्दल वेगळे आभार. सागात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरने पुसून पंधरा मिनिटांत जोडलंत. फर्निचरवाल्यांचं मेलामाइन पॉलिश नाकारलंत, ओलीने ते पांढरं पडतं. त्याऐवजी बोटीचं व्हार्निश, पहिला हात निम्मा थिनर घालून, पुढचे घट्ट करत, दर दोन हातांमध्ये २२० चा पेपर. दाराच्या पट्टीला जी फट ठेवलीत ती वाड्याच्या कामातली: मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार आषाढात उघडत नाही.

छताबद्दल तुमचा हट्ट योग्यच होता. जुना फोम हाताला लागताच चुरा होत होता. त्यावर पुन्हा फोम आणि रेक्झिन थेट फायबरला चिकटवलं असतं तर बंद केबिनच्या उन्हाळ्यात गोंद मऊ पडून छत लोंबलं असतं. तुम्ही ४ मिमी प्लायचे सुटे पॅनेल केलेत, रेक्झिन मागे मुडपून स्टेपल केलंत आणि पॅनेल स्टीलच्या स्क्रूंवर बसवलेत. आता डेकचा कुठलाही बोल्ट तपासायचा तर चार स्क्रू काढले की झालं. गाद्यांखालच्या फळीला २५ मिमीची भोकं पाडलीत ती हवेसाठी. गादीच्या पोटात साचणारी ओल त्यातून सुटते. गादीच्या शिलाईला पॉलिस्टरचा दोरा, सुती नको, हेही सांगून ठेवतो. वायरिंग वेगळ्या माणसाचं काम, पण छत बंद करायच्या आधी त्याला बोलवा असं तुम्हीच बजावलंत.

एक काम उरलंय. पायरीखालची बॅटरीची पेटी अजून जुनीच आहे आणि तिचा तळ दाबला की बद्द वाजतो. १२ मिमीचा उरलेला तुकडा त्याला पुरेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की या. गुण्या घरीच ठेवा, त्या कोपऱ्यातही काहीच काटकोनात नाही.

आपले,
गंगापूर धरणावरची बोटवाली मंडळी,
नाशिक