घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना, मनापासून

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पैसे त्याच वेळी चुकते केले, आभार मात्र राहून गेले. तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच हातातल्या पान्याकडे बघायला लागता, म्हणून हे पत्र. आणि ते असं उघड लिहिण्याचं कारण म्हणजे तुम्ही मला जे समजावलंत, ते रोज गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

एप्रिलचं ऊन, आईची कऱ्हाडला डॉक्टरांकडे वेळ घेतलेली, कुंभार्ली घाट अजून चढायचा होता आणि टेम्परेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकायला लागला. तुमच्या दारात गाडी थांबवली. काटा लाल पट्टीला टेकला नव्हता, म्हणून इंजिन बंद करण्याआधी तुम्ही एकच गोष्ट करायला लावलीत : हीटर. हवा गार आली. तेवढ्यावरून तुम्ही म्हणालात, "ताई, पाणी कमी झालंय. करा बंद." हीटरला ऊब इंजिनच्या पाण्यातूनच मिळते, इंजिन तापलेलं असताना हीटरमधून गार हवा येते, याचा अर्थ पाणी तिथवर पोचतच नाही. कुठलंही यंत्र न लावता अर्ध्या मिनिटात केलेलं हे निदान मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे.

बॉनेट उघडल्यावर टपरीवरचा एक भला माणूस बाटली घेऊन धावत आला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागला. तुम्ही त्याचं मनगट धरलंत. ओरडला नाहीत, झाकणावर छापलेला 0.9 हा आकडा त्याला दाखवलात. म्हणजे 0.9 बार : आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा एवढ्या जास्त दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. त्या माणसाचे हात, कदाचित डोळेही, तुम्ही वाचवलेत. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे, मला कळलं.

इंजिन निवेपर्यंत आईला पंख्याखाली खुर्ची दिलीत, चहा मागवलात. आणि मग जाड फडकं टाकून झाकण सैल केल्यावर तुम्ही जे केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. नुसतं पाणी भरून मला वाटेला लावणं तुम्हाला सोपं होतं. त्याऐवजी टॉर्च हातात देऊन तुम्ही मला वाकून बघायला सांगितलंत. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खाली, जिथे बारीक भोक असतं, तिथून हिरवट पांढरा ओघळ वाळून चिकटला होता. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते रंगीत पाणी, तिथून थेंब थेंब गळून गरम लोखंडावर वाळत होतं. म्हणून पार्किंगमध्ये जमिनीवर कधी डाग दिसला नव्हता.

पंप बदलल्यावर जुना माझ्या हातात दिलात. "शाफ्ट हलवून बघा." तो चक्क डुगडुगत होता. बेअरिंग गेलं की सील जातं, सील गेलं की गळती, हे तेव्हा बोटांनाच समजलं. त्याआधी ऑइल भरायच्या जागेचं झाकण उलटं करून दाखवलंत, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून दाखवलीत : कुठे दुधाळपणा नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं दिसत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात ऑइल आणि पाणी एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी, गेली या नावाखाली हजारो रुपये उकळण्याची ती वेळ होती. तुम्ही उलट माझी भीती घालवलीत.

आणखी एका गोष्टीबद्दल ऋणी आहे. एका गॅरेजात मला "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही" असा सल्ला मिळाला होता. मी तो सांगितल्यावर तुम्ही हातातलं काम थांबवलंत. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरच्या वाटेवरची झडप. त्यात मेण असतं, साधारण 82 ते 88 अंशांना ते वितळून वाट उघडतं, तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही. ही अडवणूक मुद्दामच केलेली असते. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधली ओल उडून जात नाही, झीज वाढते. "इंजिनाला ताप नको, पण ऊब हवीच," हे तुमचं वाक्य मी विसरणार नाही. बोअरचं पाणी भरू नका, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. अडल्या वेळी साधं पाणी चालतं, पण नंतर ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरायचं.

घाटाबद्दल तर तुम्ही किती पोटतिडकीने बोललात! उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं असं अजूनही शहाणीसुरती माणसं म्हणतात. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या, गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर. आता कुंभार्ली उतरताना मी दुसरा गिअर सोडत नाही, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी.

माझ्या पुतणीने नवी गाडी घेतली आहे. तिच्यात काटाच नाही, गाडी गार असताना निळा दिवा आणि तापली की लाल. तिला मी सांगून ठेवलं आहे की लाल दिवा लागल्यावर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणायचं नाही. बाजूला घ्यायची आणि बंद करायची. तिलाही एकदा तुमच्याकडे घेऊन येणार आहे. तुम्ही टॉर्च तिच्या हातात द्यावी, एवढीच विनंती.

आईची तब्येत बरी आहे, ती तुमची आठवण काढते. फॅनबेल्टला बारीक चिरा दिसायला लागल्या आहेत, तेव्हा पावसाआधी येतेच. घरचे आंबे पिकत घातलेत, तेही घेऊन येते.

आपली,
चिपळूणची ताई