५१ किलोचा गट रिकामा का राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या क्रीडा पानावर चार ओळींची बातमी होती. आपला १७ वर्षांखालील कुस्ती संघ बाहेर खेळून आला आणि 'काही वजनगटांत मल्ल उपलब्ध न झाल्याने' गुण गेले, अशी. त्या 'काही' गटांतला एक ५१ किलोचा. तो पोरगा आमच्या तालमीतला. आणि तो उपलब्ध होता. संघ गाडीत बसला त्या सकाळी त्याने माझ्यासमोर दोनशे जोर मारले, नळावर अंग धुतलं आणि दप्तर उचलून शाळेत गेला. तो संघाबरोबर का गेला नाही, हे चार ओळींत मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

मी मालवण तालुक्यातला. ३५ वर्षं एसटीत वाहक होतो, २०२२ साली निवृत्त झालो. सकाळी पाच ते सात देवळामागच्या तालमीत असतो. तालीम म्हणजे पत्र्याखाली एक हौदा. आमच्याकडची माती जांभ्याची, तीनदा चाळली तरी खडा निघतोच. त्यात ताक, तेल, हळद घालायची आणि पावसाळ्यात ताडपत्री ओढून देवाचं नाव घ्यायचं. अकरा मुलगे आणि दोन मुली येतात. कबड्डीच्या मैदानावर याच्या चौपट असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तर ५१ किलोवाला. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा संघात गेला होता. तेव्हा तो ४८ किलोचा, हलका, पटात, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, शिरायचा तर विजेसारखा. तिथे गेल्यावर कळलं की ४८ मध्ये दुसराच कुणी घातलाय आणि ५५ चा गट रिकामा आहे. "लढ रे, संघासाठी," असं म्हणून पोराला ५५ मध्ये उभा केला. समोरचा घाटावरचा, त्याच्याहून खांदाभर रुंद. एका मिनिटाच्या आत दहा गुणांची आघाडी झाली आणि कुस्ती थांबवली. कुणीतरी ती मोबाईलवर टिपली होती. संध्याकाळपर्यंत गावातल्या तीन ग्रुपांवर फिरली.

त्याची आई दुसऱ्या दिवशी मासे विकून परतताना तालमीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "काकानू, झिलाक पडूक न्हेलात तां न्हेलात, वर तेचो व्हिडिओ कित्याक काढूक दिलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

यंदा निरोप आला मंगळवारी रात्री नऊला. निघायचं गुरुवारी पहाटे. प्रवासखर्च आधी स्वतःचा, मागाहून मिळेल. मागच्या वेळचा अजून मिळायचा आहे. बाप ट्रॉलरवर खलाशी, तो समुद्रात, फोन लागत नाही. आईने विचारलं, "कितव्या वजनात घालतले?" निरोप देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. झालं. निरोप देणाऱ्या गृहस्थांना मी दोष देत नाही, ते स्वतःच्या पेट्रोलवर फिरणारे आहेत. पण आपल्याकडे म्हटलं जातं ना, की हल्लीच्या पोरांना संघाचं, जिल्ह्याचं काही वाटत नाही, सगळे स्वतःपुरते, तेवढं मला पटत नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी उपदेश करतोय असं वाटायला नको. १९८३ साल. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन दोनच वर्षं झालेली. मी १९ वर्षांचा, ५७ किलोत. आमच्या वस्तादांनी आजूबाजूच्या तालमींतले दहा गडी निवडले होते, फोंडा घाट चढून वरच्या एका तालमीशी वजनावार संघ-सामना खेळायला. नेमकी त्याच दिवशी माझ्या मावशीच्या गावी जत्रा. तिथे कुस्तीला १५१ रुपये इनाम आणि फेटा. मी वस्तादांना निरोप धाडला, ताप आलाय. ५७ चा गट रिकामा ठेवून ते गेले आणि हरून आले. तिसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो तर वस्ताद हौदा खणत होते. मान वर न करता म्हणाले, "ताप उतरला? फेटा सुकवलास?" एवढंच. पुढे वर्षभर त्यांनी मला जोड, म्हणजे लढायला जोडीचा गडी, दिली नाही.

पण १५१ रुपये त्या वेळी आमच्या घरात केवढे होते, ते मला माहीत आहे. म्हणून आज एखादा पोरगा संघ सोडून जत्रेच्या मैदानात गेला तर मी त्याला बोलत नाही. घाटावरच्या जत्रांच्या हंगामात चांगला मल्ल घरखर्चाला हातभार लावतो. त्या दिवसांत संघाची तारीख धरायची आणि पोरं येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावायचा, यात चूक कुणाची?

दुसरी अडचण आपल्या नकाशाची. शालेय स्पर्धांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे आमचा पोरगा जिल्ह्यात पहिला आला की पुढच्या पायरीवर समोर कोल्हापूर, सांगली, सातारा. १९१२ पासून खासबागचं मैदान ज्यांच्या दारात, ज्यांच्या शेजारी गंगावेस आणि मोतीबागेच्या तालमी, त्यांच्याशी गाठ. रायगड मुंबई विभागात. त्यामुळे मालवणचा आणि अलिबागचा पोरगा एका बाजूने कधी उभाच राहत नाही. आणि जो खरोखर चांगला निघतो तो दहावीनंतर घाट चढतो, तिथल्या तालमीत राहतो, पुढे तिकडूनच खेळतो. त्याने जावंच. तिथे जोड मिळते, मॅट मिळते, खुराक मिळतो. (मासे खाऊन पैलवान होत नाही, असं मला कोल्हापुरात एकाने ऐकवलं होतं. मी त्याला पेडव्यांचं कालवण खायला मालवणला बोलावलं. आला नाही.) पण जाण्याआधीची दोन-तीन वर्षं तो आपला असतो, तेवढ्यात तरी त्याला संघाची चव लागावी.

ही चव म्हणजे काय, ते गेल्या वर्षी आमच्याकडे दिसलं. सावंतवाडीकडच्या एका तालमीला आम्ही बोलावलं. सहा वजनं, सहा कुस्त्या, दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, शाळेच्या हॉलमध्ये मागून आणलेल्या मॅटवर. गुण आंतरराष्ट्रीय पद्धतीने धरले. चितपट केलं तर संघाला ५, दहा गुणांच्या आघाडीवर जिंकलं तर ४, साध्या गुणांवर ३. आणि चितपट न होता हरणाऱ्याने कुस्तीत एक जरी गुण घेतला असेल तर त्याच्या संघाला १. गडीच नसेल तर समोरच्याला आयते ५.

लढती तीन-तीन अशा बरोबरीत सुटल्या. मग गुणांची बेरीज केली: आमचे १३, त्यांचे १२. हॉलमध्ये गलका. आमचा एक पोरगा ३-९ ने हरला होता आणि कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. त्याला उठवून फळ्यावरची बेरीज दाखवली. हरताना त्याने तीन गुण घेतले होते, त्याचा संघाला एक मिळाला होता, तो नसता तर १२-१२. त्याचा बाप सुतार आहे, हिशोबाला पक्का. त्याने खडू घेऊन स्वतः पुन्हा बेरीज केली. मग मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हरलंस, पण फुकट नाय." तो पोरगा आजतागायत एक दिवस चुकलेला नाही. आणि आमचा ५१ वाला त्या दिवशी चितपट करून ५ आणून गेला होता. म्हणजे संघाशी त्याचं वैर आहे, असं कुणी म्हणू नये.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिचा थोरला हायस्कूलमध्ये कुस्ती खेळतो, तिकडची त्यांची वेगळी, पण वजनाच्या गटांचीच. तिकडे राज्याराज्यांचे संघ असतात. जूनमध्ये ओक्लाहोमातल्या टुल्सा गावी ज्युनियर गटाचे राज्य-संघांचे सामने होतात आणि जुलैत नॉर्थ डकोटातल्या फार्गोला वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धा. मी तिला विचारलं, तुमच्याकडे तरी नामवंत पोरं राज्याच्या संघात आनंदाने जातात का? ती हसली. म्हणाली, मामा, तिथेही हीच रड. एक म्हणतो फार्गोच्या आधी दुखापत नको, दुसऱ्याचा क्लब आडवा येतो, तिसऱ्याच्या बापाला खर्च जड जातो. मग प्रशिक्षक काय करतात? थंडीतच फोन करायला लागतात. हिच्या मुलाला तीनदा फोन आला. कुठलं वजन ते आधी सांगितलं, सरावात बरोबर कोण असेल ते सांगितलं. तिसरा फोन मुलाला नव्हताच, हिला होता. शाळांच्या सामन्यात तिकडे रिकाम्या वजनाचे समोरच्याला सहा गुण जातात, म्हणजे चितपटीइतकेच, म्हणून रिकामी जागा किती महाग पडते हे तिथल्या लहान पोरालाही कळतं.

२०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतच कोरलव्हिल गावी विश्वचषक झाला. पुरुषांच्या फ्रीस्टाईलमध्ये दहा वजनांची गाठ, अमेरिकेने इराणला ६-४ असं हरवलं. मोबाईलवर तो निकाल आम्ही पोरांना दाखवला. मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, जे चार हरले तेंका पण पदक?" हो म्हटलं. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता मागणं सांगतो. निवडीआधी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड या तीन जिल्ह्यांचे १७ वर्षांखालचे संघ-सामने व्हावेत. जुलैचा शेवट अशासाठी, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. खलाशी बाप घरी असतो, त्याला विचारता येतं, तो स्वतः पोराबरोबर येऊ शकतो. लावणी बहुतेक आटोपलेली असते. घाटावर जत्रेची मैदानं नसतात, म्हणजे इनाम आडवं येत नाही. गणपती अजून लांब. पावसात घाटरस्त्यांचा भरवसा नाही हे खरं, पण तीनही जिल्हे कोकण रेल्वेने जोडलेले आहेत. पावसाळी वेळापत्रकात गाडी उशिरा पोचेल, पण पोचेल. मॅटवर खेळायचं, हॉलमध्ये, त्यामुळे हौद्याची चिंता नाही.

निरोप मात्र जूनमध्ये जावा, आणि घरी जावा, व्हॉट्सॲपवर नको. वजन लिहून द्यावं आणि मग ते बदलू नये. ४८ च्या पोराला ५५ मध्ये उभा करण्यापेक्षा पाच गुण सोडावेत. पाच गुण पुढच्या वर्षी मिळवता येतात, तो पोरगा परत येत नाही. कुस्तीचं चित्रण करायचंच तर मुलाच्या घरच्यांना विचारून. आईला बरोबर न्यावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, स्टेशनपर्यंत तरी उपयोगी पडेल. (आमच्या खात्याची एवढी जाहिरात मला माफ करा.) आणि प्रवासखर्च निघायच्या आधी हातात. हा शेवटचा मुद्दा कुणाला क्षुल्लक वाटला तर त्याने एकदा खलाशाच्या घरी जाऊन महिनाअखेरीला 'मागाहून मिळेल' असं म्हणून बघावं.

मुलींचेही सामने त्याच दिवशी व्हावेत. आमच्या दोघींपैकी एक ४९ किलोत आहे आणि तिला तालुक्यात जोडच मिळत नाही, ती मुलग्यांशी सराव करते. रत्नागिरीत किंवा रायगडात तिच्या वजनाची कुणी असणारच.

मी माझ्यापुरतं काम सुरू केलं आहे. या वयोगटात मुलांची दहा वजनं: ४५, ४८, ५१, ५५, ६०, ६५, ७१, ८०, ९२, ११०. आसपासच्या चार तालमींत फिरून सात गट भरले आहेत, घरच्यांशी बोलून. ५१ किलोवाल्याच्या आईकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा चहा मिळाला नाही. दुसऱ्यांदा मिळाला, आणि तिने विचारलं, "वजन लिवन देतलात?" मी वहीचं पान फाडून तिथेच लिहून दिलं. ते तिने देवाच्या फोटोमागे खोचलं आहे.

राहिले ४५, ९२ आणि ११०. ४५ चा शाळा सुरू झाली की सापडेल. ९२ आणि ११० किलोचे सोळा-सतरा वर्षांचे पोरगे किनाऱ्याला मिळणं कठीण, आमच्याकडे सगळे काटकुळे. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुणाच्या पाहण्यात असा मुलगा असेल, कुस्ती येत नसली तरी चालेल, तर आपल्या कार्यालयात कळवावं. माझा पत्ता आपल्याकडे आहे. तो आणि माझं नाव छापू नये, कारण गावात नाव आलं की त्या पोराचंही येईल.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग