शेवटच्या बाकावर का होईना

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, देवाशी माझं भांडण नाही, पण मंडळीत, चर्चला, जावंसं वाटत नाही." तेव्हाच खूप बोलायचं होतं. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतोस, म्हणून लिहायला बसले. एका दमात वाचलं नाहीस तरी चालेल.

नोकरी जाऊन सात महिने झाले. उपासना संपल्यावर दारात जो तो विचारतो, "काही जमलं का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण दर रविवारी दहा जणांना "अजून नाही" म्हणायचं म्हणजे तीच जखम दहा वेळा उघडायची. त्यात कोणीतरी तुला म्हणालं की आयुष्यात लपलेलं पाप असेल, शोधून बघ. बाळा, ते ऐकून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पवित्र शास्त्रातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठव. आले तेव्हा ते ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तेवढं करून घरी गेले असते तरी पुष्कळ झालं असतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ईयोब काय कमी बोलला होता? जन्मलेल्या दिवसाला शाप देऊन बसला होता. तरी देवाने त्याची बाजू घेतली. तुझ्या मनात जे येतं ते देवाला ऐकवायला तू घाबरतोस, म्हणून हे लिहिलं.

आता तुला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगते. तुझे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. त्यांच्या आजारपणात मंडळीने रात्र रात्र प्रार्थना केली होती. मातीनंतर एक गृहस्थ मला म्हणाले की विश्वास कुठेतरी कमी पडला. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, पण पुढच्या रविवारी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. असे पाच महिने गेले. तुला वाटायचं आई दमलेली असते, म्हणून जात नाही. मी दमलेली नव्हते, मी रुसले होते. लोकांवर आणि देवावरही.

मंडळीतल्या एक वयस्क बाई, ज्यांना तू आजी म्हणायचास, दर गुरुवारी संध्याकाळी यायच्या. मला वाटायचं आता या समजवायला लागतील. त्यांनी कधी समजावलं नाही. बसायच्या, तुझी वही बघायच्या, एक स्तोत्र वाचायच्या आणि जायच्या. प्रार्थनासुद्धा मी "करा" म्हटलं तरच करायच्या. एका गुरुवारी त्यांनी ८८ वं स्तोत्र वाचलं. मी ते त्याआधी कधी नीट ऐकलं नव्हतं. इतर विलापगीतं कुठेतरी वळतात. शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" असं काहीतरी येतं. हे वळत नाही. जिवलग दूर गेले आणि उरला तो अंधार, इथेच ते संपतं. मी वाट बघत राहिले, आता पुढची ओळ येईल. त्यांनी पुस्तक मिटलं आणि गेल्या.

त्या रात्री मी ते स्तोत्र पुन्हा काढलं आणि माझं लक्ष वरच्या बारीक अक्षरांकडे गेलं. आपण ती ओळ सोडून देतो. तिथे लिहिलं आहे की हे कोरहाच्या मुलांचं, म्हणजे मंदिरात गाणाऱ्या घराण्याचं, स्तोत्र आहे आणि ते मुख्य गवयाकडे द्यायचं आहे. म्हणजे सगळ्या स्तोत्रसंहितेतलं सर्वात काळोखं गाणं कोणी एकट्याने उशीत तोंड खुपसून म्हणण्यासाठी नव्हतं. ते देवाच्या लोकांनी मिळून गायचं होतं. ज्यांचं त्या दिवशी बरं चाललं होतं त्यांनीसुद्धा, ज्याचं बरं नाही त्याच्या शेजारी उभं राहून. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश अशी रडण्याचीच आहेत. मंडळीत हसऱ्या चेहऱ्यानेच जावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवलं ठाऊक नाही. पवित्र शास्त्राने तरी नाही शिकवलं.

पुढच्या रविवारी मी गेले. शेवटच्या बाकावर बसले. गीत सुरू झालं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. पण आजूबाजूचे गात होते, आणि मला जे म्हणता येत नव्हतं ते माझ्यासाठी ते म्हणत होते. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडलं ती गोष्ट तू संडेस्कूलमध्ये पाठ केली होतीस. शुभवर्तमानात मार्क लिहितो, येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला क्षमा केली. त्यांचा. बाजेवर पडलेल्याच्या विश्वासाबद्दल तिथे वेगळं काही लिहिलेलं नाही. मी त्या दिवशी बाजेवरच होते.

तू म्हणशील, देवावर भरवसा ठेवायला माणसं कशाला हवीत? एलीया संदेष्ट्यालाही तसंच वाटलं होतं. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला त्याने पाहिला होता, तरी ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा एक निरोप आला आणि तो पळाला. बैरशेबात त्याने आपल्या चाकराला मागे ठेवलं आणि एकटा रानात एक दिवसाची वाट चालून गेला. ही चाकराला मागे ठेवल्याची ओळ मला नेहमी टोचते. झुडपाखाली बसून तो मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. (तुला रात्री झोप लागत नाही म्हणालास. डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.) पुढे होरेब डोंगरावर एलीया दोनदा म्हणाला, मीच एकटा उरलो आहे. देवाने त्याला सांगितलं की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक इस्राएलात आहेत, आणि परत जा, संदेष्टा म्हणून अलीशाला अभिषेक कर. एकटेपणावर देवाने दिलेलं औषध काय, तर सोबती.

आणि येशूचा शिष्य थोमा. सगळे त्याला संशयी म्हणतात, मला ते आवडत नाही. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभू शिष्यांमध्ये आला तेव्हा थोमा तिथे नव्हता. का नव्हता, कुठे गेला होता, योहान सांगत नाही. दुःखात काही जणांना माणसं नकोशी होतात, तसंच असेल. बाकीच्यांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. यानंतरचं वाक्य नीट वाच. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. तो आठवडाभर न पटलेल्या मनाने त्यांच्यात राहिला, आणि त्यांनीही त्याला, आधी विश्वास ठेव मग ये, असं म्हटलं नाही. प्रभू त्याला वाटेत एकटं गाठू शकला असता. पण आला तो त्याच खोलीत, दारं बंद असताना, सगळ्यांच्या मध्ये.

मंडळीत गेलास की नोकरी मिळेल, असं मी म्हणत नाही. असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्यांना आगीच्या भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला म्हणाले की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. भरवसा म्हणजे मला इतकंच कळतं. सात महिन्यांचे दहा झाले तरी तो तुझा बापच आहे. तू भट्टीत असशील, पण ते तिघे तरी एकमेकांना दिसत होते, तू एकटाच कशाला?

मंडळीतली सगळीच माणसं भली असतात, असंही नाही. जिथे माणसाला पायाखाली तुडवतात, पैशासाठी किंवा सत्तेसाठी देवाचं नाव वापरतात, तिथे राहू नकोस, दुसरी मंडळी शोध. पण तुझ्या बाबतीत तसं नाही. तिथे एका माणसाचं बोलणं वाईट होतं आणि इतरांचं अजाण.

मोबाइलवर उपासना बघतोस ते चांगलं आहे, बंद करू नकोस. पण आज तू आला नाहीस, हे मोबाइलला कळत नाही. तू रडलास तर तो तसाच पुढे चालू राहतो. आणि प्रभुभोजनाची भाकर कोणीतरी तुझ्या हातात द्यावी लागते.

एवढंच कर. गीत सुरू झाल्यावर आत जा, शेवटच्या बाकावर बस, आशीर्वाद झाला की लगेच नीघ, म्हणजे दारातले प्रश्न टळतील. गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस. प्रभूची प्रार्थना मात्र सगळ्यांबरोबर म्हण. त्या प्रार्थनेत "माझा" कुठेच नाही. बाप आमचा, रोजची भाकर आमची, ऋणंही आमची. तुझी भाकर तेव्हा शेजारचाही मागत असतो. आणि पाळकसाहेबांना, नाहीतर ज्याचं तोंड बंद राहतं अशा कोणा एकाला, खरं काय ते सांग. दहा जणांना नको.

रात्री झोपताना मी तुझं नाव घेते. त्या आजी गेल्या, पण त्यांच्या गुरुवारी मी अजून ८८ वं स्तोत्र वाचते, आता तुझ्यासाठी.

रविवारी उपासना संपल्यावर फोन कर. प्रवचन काय झालं ते विचारणार नाही. कुठे बसला होतास, एवढंच सांग.

तुझी,
आई