इंग्रजी ‘चूक ओळखा’ सराव संचाची उत्तरतालिकाच चुकीची: कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: स्पर्धा परीक्षांसाठीच्या इंग्रजी व्याकरण सराव पुस्तकात आणि त्यासोबतच्या ॲपमध्ये बरोबर वाक्यं चूक व चुकीची वाक्यं बरोबर दाखवल्याबद्दल.

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

इंग्रजी वाक्यांतल्या चुका ओळखून दुरुस्त करण्याच्या सरावाचं तुमचं पुस्तक आणि सोबतच्या ॲपची वर्षभराची वर्गणी मी तुमच्याच वेबसाइटवरून घेतली. मी कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मुलांकडून इंग्रजीची तयारी करून घेते. खरेदी त्यांच्यासाठीच होती. कागद, छपाई, बांधणी याबद्दल काही म्हणणं नाही, ॲपही अडखळत नाही. तक्रार उत्तरतालिकेची आणि उत्तरांखाली दिलेल्या स्पष्टीकरणांची आहे.

राधानगरी तालुक्यातून आलेली, इथं कॉट बेसिसवर राहणारी एक मुलगी आमच्याकडे अभ्यासाला बसते. तिची वही तपासताना एका पानावर हात थांबला. ‘द नंबर ऑफ’ आलं की क्रियापद एकवचनी, हा नियम तिनं वर्गात निळ्या पेनानं नीट लिहून घेतला होता. त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली होती. वर लिहिलं होतं, ‘कँडिडेट्स अनेकवचनी, म्हणून हॅव’, आणि कंसात तुमच्या पुस्तकाचा पान क्रमांक. बाई, यातलं कुणाचं बरोबर, असं ती मला विचारायला आलीच नाही. छापलेलं आहे आणि ॲपनंही लाल फुली दाखवली, म्हणजे आपलंच चुकलं, हे तिनं मनाशी धरून टाकलं होतं. त्या दिवशी मी तुमचं पुस्तक घरी नेलं आणि पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन बसले.

आधी याच वाक्याचं बघू. ‘द नंबर ऑफ कँडिडेट्स हॅज इनक्रीज्ड.’ हे वाक्य बिनचूक आहे. वाढली आहे ती संख्या. कर्ता ‘नंबर’, तो एकवचनी, म्हणून ‘हॅज’. ‘ऑफ कँडिडेट्स’ हे त्याला जोडलेलं शेपूट आहे, त्याच्याकडे बघून क्रियापद ठरवायचं नसतं. याउलट ‘अ नंबर ऑफ कँडिडेट्स’ म्हणजे बरेच उमेदवार. तिथं क्रियापद अनेकवचनी, ‘हॅव’. ‘द’ आणि ‘अ’ एवढ्याच फरकावर परीक्षक प्रश्न काढतात, आणि तुम्ही नेमका तोच फरक पुसून टाकलात. स्पष्टीकरणात लिहिलं आहे की क्रियापदाच्या लगत जे नाम असेल त्याप्रमाणे क्रियापद चालवा. हा नियम ‘नायदर… नॉर’ आणि ‘आयदर… ऑर’ यांच्यासाठी आहे. तो सगळीकडे लावला तर ‘वन ऑफ माय फ्रेंड्स आर’ हेसुद्धा बरोबर ठरेल.

दुसरं वाक्य: ‘ही इज वन ऑफ दोज ऑफिसर्स हू वर्क टिल लेट.’ तुमच्या तालिकेत ‘वर्क’च्या जागी ‘वर्क्स’ केलं आहे, कारण दिलंय ‘वन ऑफ’नंतर एकवचन. ‘वन ऑफ द ऑफिसर्स इज’ इथं ते लागू पडतं. पण इथं ‘हू’ आला आहे आणि त्याचा संबंध ‘ऑफिसर्स’शी आहे. उशिरापर्यंत काम करणारे अधिकारी अनेक, त्यांतला हा एक. म्हणून ‘वर्क’च. बोलण्यात इंग्रज माणूसही अशा वाक्यात कधी एकवचन वापरून जातो, हे मला माहीत आहे. तरी परीक्षेत मागतात तो नियम हाच, आणि ‘हू’च्या पुढचं क्रियापद आधीच्या नामाप्रमाणे चालतं, हे तुमच्याच पुस्तकाच्या संबंधी सर्वनामांच्या प्रकरणात स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यानं आणि उत्तरं लिहिणाऱ्यानं एकमेकांचं काम वाचलेलं दिसत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. प्रश्नात वाक्य आहे: ‘आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स फाइव्ह इयर्स.’ मराठी मुलाच्या हातून हमखास होणारी ही चूक. आपण ‘पाच वर्षांपासून राहतो’ म्हणतो आणि ‘२०१९ पासून राहतो’ असंही म्हणतो. दोन्हीकडे ‘पासून’, दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. इंग्रजीत दोन गोष्टी बदलतात. क्रिया मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. आणि किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’. ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स २०१९’. तुमचं दुरुस्त वाक्य मात्र असं छापलंय: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स फाइव्ह इयर्स.’ काळ सुधारला, ‘सिन्स’ तसाच राहिला. ही अर्धी दुरुस्ती संपूर्ण चुकीपेक्षा वाईट आहे. चुकीच्या वाक्याबद्दल मुलाच्या मनात निदान शंका तरी असते. दुरुस्त वाक्य मात्र तो पाठ करतो, तेच निबंधात लिहितो, तेच मुलाखतीत बोलतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या कानाला ते खटकेल. चंदगड किंवा गगनबावड्याहून आलेल्या, घरात इंग्रजी न ऐकलेल्या मुलाला ते कशानं खटकणार? त्याच्याकडे तुमच्या पुस्तकाशिवाय दुसरं काही नसतं.

‘अ’ आणि ‘ॲन’चं प्रकरण तर मुळातूनच चुकलं आहे. ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी ‘ॲन’, एवढाच नियम तुम्ही दिला आणि त्यावरून ‘ॲन युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ एमएलए’ ही उत्तरं बरोबर ठरवली. इथं अक्षर बघायचं नसतं, उच्चार बघायचा असतो. आमच्या मुलांना मी शब्द देवनागरीत लिहायला लावते. पहिलं अक्षर स्वर निघालं तर ‘ॲन’, व्यंजन निघालं तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’ य पासून, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे रोड’ व पासून, म्हणून ‘अ वन-वे रोड’. ‘अवर’ (तास) अ पासून, ‘ऑनेस्ट’ ऑ पासून, ‘एमएलए’ ए पासून, तिन्ही ठिकाणी ‘ॲन’. मराठी मुलाला या बाबतीत लिपीचाच आधार आहे. मराठी मुलांसाठी पुस्तक काढणाऱ्या कंपनीनं तो त्यांना द्यायला हवा होता.

बाकीच्या चुका इथं थोडक्यात लिहिते, पान क्रमांकांसह पूर्ण तक्ता सोबत जोडला आहे. ‘नो सूनर’च्या पुढे ‘व्हेन’ आलेलं वाक्य ‘नो एरर’ म्हणून दिलं आहे, तिथं ‘दॅन’ हवं. ‘व्हेन’ लागतो तो ‘हार्डली’ आणि ‘स्कॅर्सली’ला. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ काढलेला नाही. ‘सीनियर दॅन मी’ तसंच ठेवलं आहे, तिथं ‘टू’ हवं. ‘अनलेस यू डू नॉट वर्क’मधला दुहेरी नकार कुणाच्या लक्षात आलेला नाही. ‘फर्निचर्स’ आणि ‘इन्फॉर्मेशन्स’ बरोबर म्हणून छापले आहेत.

ज्या वाक्यांबद्दल जाणकारांतच दोन मतं आहेत, ती मी तक्त्यात धरलेली नाहीत. ‘द कमिटी हॅज’ की ‘द कमिटी हॅव’, हा तसा प्रश्न. ब्रिटिश इंग्रजीत समूहवाचक नामापुढे दोन्ही चालतं, अमेरिकन इंग्रजीत बहुधा एकवचनच. असे प्रश्न एकच उत्तर देऊन विचारू नयेत, असं माझं मत आहे, पण त्याला मी चूक म्हणत नाही. तक्त्यात आहे ते निर्विवाद आहे. कोणत्याही प्रमाणित व्याकरणात पडताळून घ्या.

हा काही एखाद-दुसऱ्या अक्षराच्या मुद्रणदोषाचा मामला नाही. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन पदवीधरांची जी सीजीएल परीक्षा घेतं, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, आणि चुकीच्या उत्तराला ०.५० गुण वजा. पुस्तकावर विसंबून मुलानं एक प्रश्न चुकवला, तर हक्काचे दोन गेले आणि वर अर्धा कापला गेला. अडीच गुणांचा फरक! जिथं एका गुणावर शेकडो जणांची क्रमवारी हलते, तिथं याचा अर्थ काय होतो, हे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं विकणाऱ्यांना मी सांगायला नको. या मुलांचे आईवडील शेतात राबून खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे पाठवतात. त्याच पैशांतून तुमचं पुस्तक विकत घेतलं जातं.

मी ॲपवरून ही तक्रार आधी नोंदवली होती. ‘आमची उत्तरतालिका तज्ज्ञांनी तपासलेली आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. मी दाखवलेल्या एकाही वाक्याचा त्यात उल्लेख नाही. फोन केल्यावर तुमच्या प्रतिनिधीनं नम्रपणे सांगितलं की परत करण्याची मुदत उलटली आहे. मी पुस्तक परत करायला फोन केलाच नव्हता. एका प्रतीचे पैसे मिळाल्यानं त्या मुलीच्या वहीतली लाल रेघ निघत नाही, आणि तशा वह्या किती ठिकाणी असतील याचा विचार करून जीव तुटतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. चुकांचं शुद्धिपत्र काढून ते वेबसाइटवर ठळक दिसेल असं टाका, ॲपमधून प्रत्येक ग्राहकाला पाठवा आणि दुकानांत शिल्लक असलेल्या प्रतींत छापील स्वरूपात घाला. शुद्धिपत्रात नुसता पर्याय क्रमांक नको, नियम आणि पूर्ण दुरुस्त वाक्य हवं. ॲपमधली चुकीची उत्तरं दुरुस्त होईपर्यंत ते प्रश्न काढून ठेवा आणि ज्यांचं बरोबर उत्तर चूक ठरवलं त्यांना तसं कळवा. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपलं बरोबर होतं हे त्या मुलांना समजलं पाहिजे. पुढची आवृत्ती इंग्रजीच्या जाणत्या शिक्षकाकडून ओळ न् ओळ तपासून घ्या आणि त्याचं नाव पुस्तकात छापा. शुद्धिपत्र नको असलेल्या ग्राहकाला पैसे परत द्या.

खरेदी तुमच्या वेबसाइटवरून झाल्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि एका महिन्यात निवारण करणं तुमच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही.

शुद्धिपत्र तयार करताना मदत लागली तर मी विनामूल्य करीन. तक्ता तयारच आहे.

कळावे,
आपली,
एक ग्राहक आणि निवृत्त इंग्रजी शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत:
खरेदीच्या पावतीची प्रत
चुकीच्या उत्तरांचा पान क्रमांक व दुरुस्तीसह तक्ता
ॲपवरील तक्रारीची आणि आलेल्या उत्तराची प्रत