वरच्या मॉडेललाही १६ इंची चाकं द्या : खानापूरहून तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : १८ इंची चाकांमुळे होणारं नुकसान आणि १६ इंची चाकांना लेखी परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

मी खानापूर तालुक्यात राहतो. तुमच्या गाडीचं सगळ्यात वरचं मॉडेल बेळगावच्या शोरूममधून घेतलं, ते सहा एअरबॅग आणि मागच्या कॅमेऱ्यासाठी. १८ इंची अलॉय (मिश्रधातूची) चाकं मला नकोच होती. आईच्या पाठीचं दुखणं जुनं आहे, तिला धक्के सोसत नाहीत, हे मी तिथं सांगितलंही. पण हे मॉडेल दुसऱ्या चाकांवर येतच नाही, असं उत्तर मिळालं.

या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे, कणकुंबीकडे जाताना पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला, रिमची कड चिरली. वेग कमी होता आणि हवा दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढीच होती. तुमच्या सर्व्हिस सेंटरनं ‘बाहेरचा मार आहे, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून बिल पुढे केलं. खड्डा तुम्ही पाडलेला नाही, हे मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अशा रस्त्यावर टिकणारं चाक तुमच्याकडे आहे आणि ते तुम्ही मला लावू देत नाही.

तुमच्याच खालच्या मॉडेलला २०५/६५ आर १६ टायर येतो. २०५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे बाजूची उंची १३३ मिलिमीटर. माझ्या २१५/५० आर १८ ची उंची जेमतेम १०७.५. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये एक इंच हवा-रबर कमी! मार बसला की बुटका टायर रिमपर्यंत चेपला जातो, आतले दोरे तुटतात आणि तिथंच फुगा धरतो. असा टायर कुठलाही पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. स्टीलची रिम थोडी वाकली तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला चीर गेली की ती बाद. दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास मात्र सारखाच, साधारण ६७२ मिलिमीटर. म्हणजे स्पीडोमीटर चुकण्याचा किंवा गाडीची उंची बदलण्याचाही प्रश्न नाही.

आता डिकीतल्या स्टेपनीकडे बघा. तुम्हीच दिलेली ती १६ इंची स्टीलची आहे, टायर तोच २०५/६५. फुगा आल्यावर ती पुढच्या चाकाच्या जागी चढवूनच आम्ही घरी आलो; ब्रेकला कुठेही घासली नाही. तिच्या टायरवर भाराचा आकडा ९५ आहे, म्हणजे ६९० किलो. मूळ १८ इंची टायरवर तो ९२, म्हणजे ६३० किलो. तरीही चारही चाकं तशी बसवली तर वॉरंटीला अडचण येईल, असं तुमचा सल्लागार तोंडी सांगतो आणि लेखी काहीच देत नाही. हे मला पटत नाही.

महामार्गावर वेगात वळताना बुटका टायर कमी डोलतो, हे खरं. ज्याला तो हवा त्याला जरूर द्या. पण चोर्ला घाट, लोंढा-रामनगरचा रस्ता, उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या आडवाटा, हेच आमचं रोजचं चालणं आहे. सुरक्षेच्या सोयी हव्या असतील तर नाजूक चाकंही घ्या, ही अट का?

माझ्या गाडीला २०५/६५ आर १६ चारही बाजूंना बसवायला वॉरंटी कायम ठेवून लेखी परवानगी द्यावी. धड राहिलेली तीन अलॉय आणि त्यांचे टायर योग्य किमतीला परत घेऊन १६ इंची संच द्यावा. फरक पडला तर मी भरीन. नव्या ग्राहकांना खरेदीच्या वेळीच हा पर्याय मिळावा. परवानगी नाकारायची असेल तर तांत्रिक कारण लिहून द्या.

३० दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, फुग्याचे फोटो आणि स्टेपनीच्या टायरवरील आकड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
खानापूर, जि. बेळगाव