पोरांच्या हातात नुसता खराटा देऊ नका

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सफाई मोहिमेचे फोटो पेपरात नेहमी येतात, कॉलेजची पोरं ग्लोव्हज घालून कचरा उचलायलेत, बाजूला पुढारी उभे, खाली कौतुकाच्या चार ओळी. कौतुक व्हायलाच पाहिजे. पण बेळगावातल्या आमच्या वडगाव-शहापूर भागातली पोरं आता वेगळंच विचारायला लागलीत, की नाल्यात ही घाण येते कुठून, आणि ती आमच्याच दारावरून का जाते. हे विचारलं की कौतुक करणारे तेच लोक गप्प होतात, म्हणून हे पत्र.

बळ्ळारी नाला माहीत नाही असा बेळगावकर नसेल. मूळचा तो पावसाचं पाणी नेणारा ओढा. आता त्यात सांडपाणी मिसळतं, गाळ आणि जलपर्णी साचून पाणी पुढं सरकत नाही आणि पावसाळ्यात ते सगळं भाताच्या शिवारात शिरतं. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पेरलेलं कुजतं, मग दुबार पेरणी, परत बियाणं, परत मजुरी, आणि हे त्या शिवारात जिथल्या बासमतीचं नाव सगळीकडं होतं. आमच्या गल्लीतल्या बायकांना पोरांनीच समजावून सांगितलं की पाणी काळं का होतं, घाण खाणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड गॅस सुटतो. या घाणीचं माप म्हणजे बीओडी, आंघोळीच्या लायक नदीत ते लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर जायला नको असा नियम आहे. आम्ही इतकी वर्षं नाकाला पदर लावून जात होतो, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि बघा, हा वास सोसतं कोण, तर विणकर, शेतमजूर आणि नाल्याकाठी स्वस्तात घर मिळालं म्हणून राहिलेले लोक. तुरमुरीचं तेच, कचरा सगळ्या शहराचा आणि डेपो त्यांच्या गावाशेजारी. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांवर आमच्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्या बंद करा असं एकही पोरगं म्हणत नाही. पण आसपास राहणाऱ्यांच्या श्वासात किती बारीक धूळ जाते ते मोजा आणि आकडा लोकांना दाखवा, एवढं तर मागायचं की नाही? या बारीक धुळीसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 5 सांगितली, म्हणजे आपली मर्यादाच आठपट ढिली, आणि आमच्या गल्लीत प्रत्यक्ष किती आहे ते आम्हाला माहीतच नाही.

माझी पुतणी अशाच एका ग्रुपमध्ये आहे. ही पोरं तारीख-वेळ घालून नाल्याचे फोटो काढतात, पाण्याचा रंग कधी बदलला, वास कुठल्या वेळी जास्त होता, सगळं वहीत लिहून ठेवतात. माहिती अधिकाराचा अर्ज पण केला. आपल्या कर्नाटकात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून रात्री बसून एकेक शब्द कापत होती. उत्तर काय आलं, तर विषय आमच्याकडे येत नाही. अहो, 2005 च्या कायद्यातच लिहिलंय की विषय दुसऱ्या ऑफिसचा असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडं पाठवायचा! विशीच्या पोरीला कायदा पाठ आहे आणि टेबलामागच्या माणसाला नाही, याचा मला खरंच राग येतो.

घरातल्या मोठ्यांची भीती मला कळते. 2021 मध्ये पर्यावरणासाठी काम करणाऱ्या बेंगळूरच्या दिशा रवीला अटक झाली तेव्हापासून आईबाप म्हणतात, नको ते लफडं, नोकरी लागायची आहे. आणि सीमाभागात तर कुठलंही आंदोलन आधी भाषेच्या चष्म्यातून बघितलं जातं, कोण कुठल्या बाजूचा ते आधी विचारतात. पण नाल्याकाठी मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी आहेत, पोरं पण तिन्ही भाषांतली एकत्र फिरतात. त्यांच्या पाठीशी उभं राहायचं सोडून त्यांना घरात का बसवायचं? सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच सांगितलंय की प्रदूषण नसलेलं पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेनं 2017 मध्ये नऊ वर्षांची असताना हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या कोर्टात, अर्ज केला होता, अर्ज पुढे फेटाळला गेला पण ती थांबली नाही. आमच्यासाठी त्या लवादाचं खंडपीठ चेन्नईला, वकील आणि प्रवासाचा खर्च गल्लीतल्या पोरांना झेपणारा नाही, म्हणून इथल्या वकील मंडळींनी फी न घेता यांचे कागद बघून द्यावेत अशी माझी हात जोडून विनंती आहे.

घटनेच्या 243 एस कलमात तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या सांगितल्यात, आपल्या 58 वॉर्डांत त्या नावापुरत्या नकोत, आणि नाल्याकाठच्या वॉर्डांत या पोरांना बोलायला जागा पाहिजे. तपासणीचे रिपोर्ट आणि सुनावणीच्या नोटिसा कन्नडबरोबर मराठी आणि उर्दूतही लावा. 2020 मध्ये पर्यावरण परवानगीच्या नव्या मसुद्याचं घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा असं दिल्ली हायकोर्टानं केंद्राला सांगितलं होतंच की.

तुमच्याकडं एकच मागणं, संपादक साहेब. धरणाच्या पाण्याची पातळी छापता तशी महिन्यातून एकदा बळ्ळारी नाल्याच्या पाण्याची आणि उद्यमबागच्या हवेची आकडेवारी मागून घेऊन छापा, आणि नाही मिळाली तर मिळाली नाही असं छापा. पोरांच्या वहीतल्या नोंदी आम्ही आणून देतो.

कळावे,
एक वाचक, वडगाव, बेळगाव